डेप्युटी सेक्रेटरी लाकडामागे आहे

५ ऑक्टोबर, रविवार

मुग्धा आली होती. नोएडाहून येताना लेक नेहमी काहीतरी ठरवूनच येते. मेट्रोत बसायला जागा मिळाली की तिला निर्णय सुचतात. आजचा निर्णय: आपण पुन्हा मासे पाळायचे.

कारण आई. कल्याणीने एप्रिलात स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हापासून ती दुपारभर खुर्चीत बसून समोरची भिंत बघते, असं मुग्धाचं निरीक्षण. मी म्हटलं, इतकी वर्षं फायली बघितल्या, आता भिंत बघते, ही बढतीच झाली. मुग्धा हसली नाही. "बाबा यार, तिला बघायला काहीतरी जिवंत द्या."

मी जिवंत आहे, हे मांडून पाहिलं. ग्राह्य धरलं गेलं नाही.

जुन्या क्वार्टरमध्ये तीन फुटी टाकी होती. मुग्धा तेव्हा शाळेत. त्या खात्याची मंत्री कल्याणी, मी पाणक्या. माशांना तिने हुद्दे दिले होते. काळा एंजल म्हणजे डेप्युटी सेक्रेटरी, कारण तो काही करत नसे आणि बाकीचे त्याला वाट देत. तो गेला तेव्हा मोगऱ्याच्या कुंडीत पुरला. मग क्वार्टर बदललं, उरलेले मासे वाटून टाकले, टाकी गळायला लागली, विषय संपला.

क.ला विचारलं. म्हणाली, "छोटी घ्या. बादल्या आता तुमच्याच्याने उचलवायच्या नाहीत, पंडितजी."

पंडितजी म्हणजे मी. संस्कृत शिकल्याची शिक्षा आजन्म.

८ ऑक्टोबर, बुधवार

माझ्या गैरहजेरीत या विषयात क्रांती झालेली आहे. पूर्वी काच, पाणी, मासा, रंगीत खडे आणि बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या. आता मोबाइलवर पोरं कुजबुजत्या आवाजात सांगतात की मासा गौण, झाड मुख्य. तळाला माती, वर वाळू, मध्ये वाकडंतिकडं लाकूड, त्याला बांधलेली झुडपं. कार्बन वायूचं नळकांडं लावणारेही आहेत. ते नको. घरात एक सिलिंडर पुरे.

ठरलं ते असं. लांबी दीड फूट. कमी उजेडात जगणारी झाडं: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन. शेवटचं नाव मूळ ग्रीक, अर्थ लपलेली गदा. त्याला गूढगदा म्हणू या, असं सुचवलं. क. म्हणाली, तुम्ही म्हणा, झाड मरेल. मग सगळे म्हणतात तसं क्रिप्टच म्हणायचं ठरलं.

ऑफिसात जुन्या पोथीच्या संपादनाचं काम तसंच. मधली पानं किडीने खाल्लेली. नव्याने रुजू झालेल्या बाईंना खाल्लेली अक्षरं अंदाजाने भरायची हौस. त्यांना सांगितलं, कीड लागली तिथे टिंबं द्यायची. आपल्या पदरचं अक्षर घालायचं नाही, ते कितीही शोभलं तरी. बाई जरा खट्टू झाल्या. त्यांच्या वयात मीही व्हायचो.

११ ऑक्टोबर, शनिवार

आयएनए मार्केटजवळच्या एका दुकानात गेलो. क. आपण होऊन आली. कितीतरी दिवसांनी आपण होऊन.

दुकानदार मला तंत्रज्ञान विकत होता, तोवर हिने क्रिप्टची कुंडी उचलून उलटी केली आणि मुळं बघितली. "ये नहीं, वो पीछे वाला." मग त्याच्या जुन्या टाकीतला स्पंज आमच्या पिशवीत पिळून द्यायला लावला. जुन्या स्पंजातल्या घाणीने नवं पाणी लवकर तयार होतं, हे मी विसरलो होतो. ती नाही. दुकानदार म्हणाला, महिनाभर मासा घालायचा नाही. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर दाणा टाकत राहायचा, "पानी पक जाएगा." मासा नसताना त्याला जेवण. म्हणजे श्राद्धच म्हणायचं, फक्त आगाऊ.

ऑटोत लाकूड मांडीवर घेऊन बसली. तोंडावर तो जुना मंत्रिपदाचा भाव.

गेटातून आत आल्यावर थांबली, मी कुठे वळतो ते बघत. इथले ब्लॉक सगळे सारखेच दिसतात. मीही चुकतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मांडणी झाली. खालच्या बागेतली माती चाळून घेतली, वर वाळू, एका कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंजाचा फिल्टर. लाकूड कसं ठेवायचं यावर मतभेद. तिचं मत अंमलात आलं. लाकडाचा रंग उतरून पाणी चहासारखं झालंय. साखर किती, विचारलं. "तुम्हाला बंद आहे."

आता वाट बघायची. दाणा टाकायचं काम क.कडे. रोज संध्याकाळी झाकणावर दोनदा टकटक, मग चिमूट. टकटक जुन्या टाकीपासूनची. त्या आवाजाला मासे वर येत. मी म्हटलं, सध्या कोणाला बोलावतेस? म्हणाली, "सवय राहू दे."

उरलेला दाणा कुजू नये म्हणून नंतर मी छोट्या जाळीने काढून टाकतो. जाळी खिडकीच्या खुंटीला. पाणक्याची बढती: भंगी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फारच छान दिवस. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर ही टाकीसमोर वेताचा बसका मोडा ओढून बसलेली. मला बोटानेच गप्प केलं.

"डेप्युटी सेक्रेटरी लाकडामागे आहे."

मी म्हटलं, वार्षिक अहवाल लिहायचे दिवस आहेत, लपणारच.

"हळू बोला. त्यांना सगळं ऐकू जातं."

मी हळू आवाजात म्हटलं, दौऱ्याचा भत्ता मंजूर नाही म्हणून सांग त्यांना. तिने मान हलवली. किती महिन्यांनी थट्टा केली हिने! आम्ही दोघं असंच बोलत आलो, लग्नापासून. तिच्या आईला वाटायचं आमचं भांडण चाललंय. मध्यंतरी हे बंद पडलं होतं. मुग्धाचं बरोबर होतं, तिला सांगितलं पाहिजे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. काल रात्रीपासून फटाके, हवेत धूर. क.ने स्वतःची मरून शाल टाकीवर घातली. आवाजाने बिचकतात म्हणून. मी म्हटलं, डे. से. म्हणजे शालीला पात्रच. नारळही देऊ या. तिने फक्त शालीची कडा सारखी केली.

मुग्धाचा फोन. तिला सगळं रंगवून सांगितलं. हसण्याच्या जागा होत्या तिथे ती हसली नाही.

"बाबा, आई जोक करत होती ना?"

म्हटलं, मग काय? तुझ्या आईला मी ओळखतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

क्रिप्ट विरघळायला लागलंय. पानं पारदर्शक, शेंबडासारखी. मी उपटायला हात घातला तर क.ने मनगट धरलं. नवीन पाण्यात ते असंच करतं, म्हणाली. पान जातं, मूळ असतं. हात लावू नका, परत येईल. मोबाइलवर पाहिलं, पोरंही कुजबुजत हेच सांगतात.

मग म्हणाली, "आणि तो मागेच बसलाय. हात कसला घालता?"

मी वाकून बघितलं. चहाचं पाणी, लाकूड, सडलेली पानं. म्हटलं, रजेवर गेला वाटतं, अर्ज न देता.

ती माझ्याकडे बघत राहिली. शेजारी बसलेला माणूस मध्येच परक्या भाषेत बोलायला लागावा, तसं.

मुग्धा आज येणार होती, आली नाही. काम आहे म्हणे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी टकटक, चिमूट. क. काचेला नाक लावून. "आज जेवत नाहीये."

मी म्हटलं, उपोषण असेल. मागण्या काय आहेत?

ती वळली. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही नेहमी थट्टा का करता? मी सरळ सांगतेय तुम्हाला."

मी काय म्हणालो ते

२९ ऑक्टोबर

काही लिहीत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

मुग्धाला खाली बागेत नेऊन सांगितलं. ती म्हणाली, मला दिवाळीलाच वाटलं होतं. मग का नाही बोललीस? "तुम्ही इतके खुश होता, बाबा."

चार दिवस मागचं सगळं पुन्हा वाचतो आहे. लिहिलेलं नव्हे, बोललेलं. जुलैत कधीतरी म्हणाली होती, जिन्यात एक माणूस छत्री घेऊन उभा आहे. मी म्हटलं, पाऊस थांबायची वाट बघत असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, अजून आहे. मी म्हटलं, सरकारी नोकर असणार. खूप हसलो होतो. मी. ती हसली होती का, ते आठवत नाही.

एप्रिलात, नोकरी सोडते म्हणाली तेव्हा कारण विचारलं, तर "अक्षरं हलतात." मी म्हटलं, फायली शेवटी हलल्या म्हणायच्या.

दुसऱ्या कोणाच्याही नवऱ्याला पहिल्या दिवशी कळलं असतं. आमच्यात जे सर्वांत चांगलं होतं त्याच्याच आड हे येऊन बसलं, आणि मी त्याला रोज टाळी देत होतो.

मुग्धाने डॉक्टरची वेळ घेतली आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर बाई तरुण, शांत. तारीख विचारली, क.ने बरोबर सांगितली. घड्याळ काढायला सांगितलं. आकडे सगळे एका बाजूला गोळा झाले. क. स्वतःच म्हणाली, "सगळे उजव्या बाजूला बसलेत. विरोधी पक्षात कोणी नाही." डॉक्टर हसल्या. मी हसलो नाही. आता मला भीती वाटते.

घरात काही दिसतं का, छोटे प्राणी, माणसं? "मासे दिसतात," क. म्हणाली. "टाकी आहे, मासे दिसणारच."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

आजाराचं नाव परदेशी, एका माणसाचं आडनाव लावलेलं. इथे लिहीत नाही. गोळ्या आहेत. नंतर बाहेर मला एकट्याला म्हणाल्या, त्यांना जे दिसतं त्यावर वाद घालू नका. पण तुम्ही त्यात भरही घालू नका. त्या घाबरत नसतील तर असू दे. घाबरायला लागल्या तर मला सांगा.

भर घालू नका. हे मी लोकांना शिकवून पगार घेतो.

येताना कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये थांबलो. हिला थालीपीठ आवडतं तिथलं. खाता खाता तिने आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली. मी विचारलं, काय गं? "त्याला जागा हवी ना. छत्री ओली आहे."

वाद घातला नाही. भर घातली नाही. फक्त माझीही खुर्ची आपोआप सरकली, आणि सरकल्यावर ध्यानात आलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाहेर धूर. खिडक्या बंद. घरात दिवसभर त्या दीड फुटाचाच उजेड. हिरवट.

काय बोलायचं ते सुचत नाही आता. बायकोशी थट्टेशिवाय बोलायचं म्हणजे मला नवीन भाषा शिकणं आहे. व्याकरण नाही, कोश नाही. "आज कसे आहेत?" एवढं विचारतो. ती सांगते. कोण कोणाला ढुसण्या देतोय, कोण नुसता काचेशी. मी ऐकतो. तिचं वर्णन नेमकं असतं. एंजल मासा वळताना वरचा पर आधी झुकवतो, अंग मागून येतं; ते तिने आज हाताने करून दाखवलं. अगदी तसाच वळायचा तो.

ऑफिसात बाईंनी विचारलं, सर, गाळलेल्या जागी टिंबं किती द्यायची? म्हटलं, अक्षरं गेली असतील तितकी. "आणि किती गेली ते कळलं नाही तर?"

बघून सांगतो म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाणी तयार. मुग्धाने थेंब टाकून बघायचं किट आणलं होतं. काचेच्या नळीतला रंग जसा हवा तसा आला.

तिचं म्हणणं असं: आता लगेच खरे मासे आणा. टाकी रिकामी आहे म्हणून आई ती भरते. खरं काही हललं तर तिला खरंच दिसेल. बोलणं अगदी तर्कशुद्ध. मी नुसतं हूं म्हटलं.

"तुम्हाला नकोयत का मासे?"

हवेत. पण टाकी रिकामी आहे तोवर एकच प्रश्न आहे. त्यात सहा मासे सोडले आणि तिने सातवा दाखवला तर? किंवा सहातला एकही नाही दाखवला तर? हे तिला सांगितलं. मुग्धाने किटची नळी धुवून ठेवली. मग म्हणाली, ट्राय तर करू बाबा. बस, एकदा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आणले. हार्लेक्विन रासबोरा, सहा. तांबूस अंग, मागच्या बाजूला काळा त्रिकोण. गरीब मासा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. छोट्या टाकीला योग्य म्हणून सगळ्यांनी सांगितलेला.

पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी एका तापमानाला यावं म्हणून. क. आतून आली. पिशवीकडे बघितलं आणि तिचा चेहरा

असा चेहरा मी तिचा भाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा पाहिला होता.

"हे कोण? यांना कुठे ठेवणार? आत जागा कुठे आहे?"

मी म्हटलं, मुग्धाने सांगितलं म्हणून.

"तो यांना खाऊन टाकेल हो. इतकेसे आहेत." एंजल छोट्या माशांना खातो, हे शंभर टक्के खरं आहे. तिने बाही न सारताच हात पाण्यात घातला, पिशवी उचलली आणि छातीशी धरली. साडीवर पाणी. डॉक्टरांचं वाक्य आठवलं: घाबरायला लागल्या तर.

"परत नेतो," म्हटलं. "आत्ता नेतो."

दुकानदाराला कोडं पडलं. "मैडम को पसंद नहीं आयी?"

जागा नाही म्हटलं.

"टैंक तो खाली है ना, सर?"

हो म्हणणं मला जमलं नाही. का ते तिथे उभ्या उभ्याही कळलं नाही, ऑटोतही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुग्धा रागावली. "तुम्ही तिला आणखी आत ढकलताय, बाबा. तिच्यासोबत तुम्हीपण चाललाय." आवाज चढला, मग रडली. मी पाणी दिलं. या घरात सगळ्या प्रसंगांना मी पाणीच आणतो.

मग ती आईशेजारी मोड्यावर जाऊन बसली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. क. तिला एकेक दाखवत होती, हा इथे, तो तिथे, हुद्द्यासकट. मुग्धा "अच्छा" म्हणत होती. मग "अच्छा" थांबलं. मग मुग्धाने विचारलं, "आणि तो मोठा? तो कुठेय?"

"लाकडामागे. तू आलीस की लपतो. लहानपणी तू काच ठोकायचीस ना."

ते खरं आहे. ठोकायची. मुग्धा स्वतःच विसरली असेल.

नोएडाला पोचल्यावर तिचा मेसेज: आई किती खुश होती. मला काहीच कळत नाही, बाबा.

५ डिसेंबर, शुक्रवार

क्रिप्टला नवी पानं. पहिल्यापेक्षा अरुंद, तपकिरी, पण तरतरीत. पाण्याचा चहाही फिका झाला. लाकडाच्या मागचं आता जवळजवळ दिसतं.

गोळ्यांनी क.चे दिवस दोन प्रकारचे झालेत. काही धुक्याचे, काही लख्ख. आधी सांगून कोणता येत नाही.

उरलेला दाणा रोज काढतो. तिच्या नकळत, ती आत गेली की. जाळीत ओल्या दाण्याचा लगदा. रोज तेवढाच.

१० डिसेंबर, बुधवार

हे नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी चहा घेऊन बाहेर आलो. क. आधीच उठलेली, वेणी घातलेली, टाकीसमोर कमरेवर हात ठेवून उभी.

"अहो पंडितजी, यात मासे कधी आणणार? दोन महिने झाले, नुसतं गवत वाढवताय."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, काय आणू?

"रासबोरा आणा. एवढ्याशा टाकीला तेच बरे. एंजल-बिंजल नको."

लख्ख दिवस. मुग्धाला फोन करायला हवा होता. देव पाण्यात घालून बसलो होतो ते याचसाठी. आणि मी काय विचारावं? विचारलं, "डेप्युटी सेक्रेटरीचं काय?"

ती हसली. खरं हसली, जुनं. "तो मेला की हो कधीच. तुम्हीच नाही का पुरलात, मोगऱ्याच्या कुंडीत? श्लोक म्हणत होतात वर."

म्हणत होतो. खरं आहे.

ती चहा घेऊन आत गेली. मी टाकीकडे बघितलं. झाडं, लाकूड, स्वच्छ पाणी. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला ती रिकामी दिसली. इतकी रिकामी, की मान फिरवून बसलो. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्याबरोबर दुसरं काहीतरी आलं. कोणीतरी घर सोडून गेल्यासारखं, आणि मला निरोपसुद्धा घेऊ दिला नाही.

हे कोणाला सांगणार?

संध्याकाळी ऑफिसातून आलो तर जिन्यातच आवाज ऐकू आला. झाकणावर दोनदा टकटक. दारात उभा राहिलो. क. मोड्यावर. बोट ओठांवर.

मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

१४ डिसेंबर, रविवार

मुग्धाला बुधवारच्या सकाळचं सांगितलं. संध्याकाळचं सांगितलं नाही. ती म्हणते, आईने स्वतः मागितलेत मासे, आता काय प्रॉब्लेम आहे? पुढच्या रविवारी येताना मीच घेऊन येते. नोएडात सेक्टर मार्केटला चांगलं दुकान आहे.

बरोबरच आहे तिचं. एका कल्याणीला मासे हवेत. दुसरीला ते आत आलेले सोसत नाहीत. दोघी याच घरात राहतात आणि मी दोघींचा नवरा आहे. रविवारी दार कोण उघडेल, त्यावर सगळं.

नाही म्हणालो नाही. हो म्हणालो नाही. मुग्धा म्हणाली, "तुमचं हे टिंब टिंब खूप झालं, बाबा." मी कधी सांगितलं होतं तिला टिंबांचं? घरात बोलत असेन.

१८ डिसेंबर, गुरुवार

क.ला सर्दी-ताप. दिवसभर पांघरुणात. मध्ये एकदा माझा हात धरून म्हणाली, "मी घाबरत नाही हो. तुम्ही घाबरता." थोड्या वेळाने, "आत त्यांचं बघा."

बघतो म्हटलं.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी धुकं. खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. आपलंच घर तेवढं शिल्लक ठेवलंय असं. क.चा ताप उतरला, पण अंथरुणातच. तिथून म्हणाली, दोन दिवस त्यांना काही घातलं नाही.

मी घालतो म्हटलं.

टाकीचा दिवा लावला. कधी केलं नव्हतं, म्हणून अवघडलो; पण झाकणावर दोनदा टकटक केली. चिमूटभर दाणा टाकला. तो पाण्यावर पसरला, थोडा खाली जायला लागला. दूध उतू जाईल म्हणून आत गेलो, गॅस बंद केला, तिला चहा नेऊन दिला. खुंटीवरची जाळी घेऊन परत आलो.

वर दाणा नव्हता.

तळ बघितला. वाळू स्वच्छ. झाडांच्या बुडाशी बघितलं, स्पंजाला चिकटला असेल म्हणून तोही. झाडांबरोबर दुकानातून गोगलगायी येतात, त्या खातात. मोबाइलचा उजेड लावून गोगलगाय शोधली. काच, पानांच्या मागच्या बाजू, झाकणाची कड. मिळाली नाही. असेल. मातीत शिरतात.

क्रिप्टचं एक पान हलत होतं, लाकडाजवळचं. स्पंजाचे बुडबुडे दुसऱ्या टोकाला आहेत, तिथली झाडं स्थिर होती. पान हललं आणि थांबलं, कोणी शेजारून गेल्यावर पडदा थांबतो तसं. मी श्वास धरून उभा होतो. हळू आवाजात काही बोलणार होतो. बोललो नाही.

भर घातलेली नाही. होतं तेवढंच लिहिलंय.

आतून क.चा आवाज. "खाल्लं का त्यांनी?"

उद्या मुग्धा येणार, पिशवीत सहा मासे घेऊन. तिला अजून फोन केलेला नाही.

"खाल्लं," मी म्हणालो.

जाळी कोरडीच होती. तशीच खुंटीला अडकवली.